जडसनबाई : मांडीवर बाळ व हाती सुवार्ता

ज्या घरात पाळणा हलू लागला त्या घरातील प्रभुसेवा आता थांबली, असा समज आमच्या खेडोपाडीच्या मंडळ्यांत पुष्कळ ठिकाणी दृष्टीस पडतो. पाळकाची पत्नी अगर शाळेतील बाई पहिलटकरीण झाली म्हणजे काही लोक म्हणतात की, आता तिने चूल व मूल एवढेच पाहावे. तीच बाई बाळाला कडेवर घेऊन स्त्रियांच्या प्रार्थनासभेस आली म्हणजे दुसरे म्हणतात की, हिला पोराची काळजी नाही. ह्या दोन्ही बोलण्यांच्या कात्रीत त्या बिचारीचा जीव मात्र कोंडून जातो. म्हणून ह्या वेळी आम्ही आमच्या वाचकांपुढे अशा एका स्त्रीचे चरित्र ठेवीत आहो की, जिने तीन वेळा मातृत्व पाहिले, त्यांपैकी दोन मुले ज्या देशात सुवार्ता नेली त्या देशाच्या वाटेवर व मातीत गमाविली, आणि जिच्या हातून तरीही ब्रह्मदेशातील मंडळीचा पाया घातला गेला. तिचे नाव ॲन हॅसेल्टाइन जडसन.

ॲन हिचा जन्म २२ डिसेंबर १७८९ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात ब्रॅडफर्ड ह्या गावी झाला. घर खाऊनपिऊन सुखी होते. मुलगी हुशार, वाचनाची आवड असलेली, पण स्वभावाने खेळकर व करमणुकीच्या मागे लागणारी. सोळाव्या वर्षी तिच्या अंतःकरणात पापाची जाणीव उत्पन्न झाली, पुष्कळ दिवस ती बेचैन राहिली, व शेवटी ख्रिस्ताच्या ठायी तिला शांती लाभली. १८०६ साली ती गावच्या मंडळीची सभासद झाली. त्यानंतर तिने आसपासच्या गावांत शिक्षिकेचे काम केले.

१८१० साली ब्रॅडफर्ड येथेच त्या प्रांतातील मंडळ्यांची वार्षिक परिषद भरली. तीत अँडोव्हर येथील ईश्वरविद्यालयाच्या काही तरुणांनी, आम्हांला परदेशी सुवार्तेसाठी पाठवा, अशी विनंती केली, आणि तिच्यातून अमेरिकन बोर्ड नावाची मिशनरी संस्था जन्मास आली. त्या तरुणांचा पुढारी अडोनिराम जडसन हा होता. त्या दिवसांत तो हॅसेल्टाइन ह्यांच्या घरी जेवावयास आला असता त्याची व ॲनची प्रथम भेट झाली. पुढे त्याने तिच्या वडिलांना जे पत्र लिहिले ते फार प्रसिद्ध आहे. मागणी घालणारे तरुण सहसा सुखाची आशा दाखवितात. ह्याने मात्र मुलगी ह्या जगी पुन्हा न भेटण्याचा संभव, समुद्राचा धोका, परक्या देशातील हवा, दारिद्र्य, अपमान व कदाचित अकाली मरण, हे सर्व एकामागून एक मांडून, तरीही तुमची संमती आहे काय, असे विचारले. वडिलांनी निर्णय मुलीवर सोपविला व मुलीने विचारपूर्वक होकार दिला. ता. ५ फेब्रुवारी १८१२ रोजी त्यांचा विवाह झाला. दुसऱ्याच दिवशी सेलम येथे जडसन ह्यांची दीक्षा झाली, आणि त्याच महिन्याच्या १९ तारखेस ते दोघे, न्यूएल ह्या दुसऱ्या नवविवाहित जोडप्यासह, जहाजावर चढून हिंदुस्थानाकडे निघाले.

सेलमच्या त्या दीक्षाविधीत पाच तरुण होते. त्यांपैकी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले आणि आमच्या मराठी मुलखातील अमेरिकन मिशनाचा आरंभ झाला. तेव्हा ज्या मंडळ्यांत आमचे वाचक आज उपासना करितात त्यांपैकी पुष्कळ मंडळ्यांची व ब्रह्मदेशातील मंडळ्यांची मुळे एकाच दिवसाच्या प्रार्थनेत आहेत. गॉर्डन हॉल १८२६ च्या मार्च महिन्यात नाशिककडील प्रवासात पटकीने वारले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात जडसनबाईही प्रभूकडे गेल्या.

कलकत्त्यास पोहोचल्यावर बाप्तिस्म्याविषयी जडसन उभयतांचे मत पालटले व ते बाप्टिस्ट मंडळीस मिळाले. तो वाद येथे काढण्याचे कारण नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारास मिशनरी नको होते. त्याने त्यांना देश सोडण्याचा हुकूम केला. न्यूएल दांपत्य आधीच मॉरिशस बेटाकडे गेले होते. जडसन तेथे पोहोचले तो कळले की, हॅरिएट न्यूएल हिला वाटेत जहाजावर मुलगी झाली, ती काही दिवसांतच वारली, व मागोमाग आईही १९ वर्षांची असता निवर्तली. ॲनच्या बरोबरीची ही एकच सखी होती. मिशनकार्यात स्त्रीच्या वाट्यास काय येते हे ॲनला आरंभीच समजले, आणि त्या वेळी ती स्वतः गरोदर होती.

मॉरिशसहून मद्रास व मद्रासेहून रंगून असा त्यांचा प्रवास झाला. ह्या शेवटच्या सफरीत ॲनला पहिले मूल झाले, ते मृतच जन्मले. जहाज जुनाट, तुफान मोठे, जवळ दाई नाही, वैद्य नाही. ता. १३ जुलै १८१३ रोजी जहाज रंगूनच्या धक्क्यास लागले तेव्हा बाईंच्या अंगी चालण्याचीही शक्ती नव्हती. सेवेचा असा आरंभ झाला.

रंगूनमध्ये भाषा शिकणे हे पहिले काम. जडसनसाहेब पंडिताबरोबर दिवसभर पोथ्या घेऊन बसत. बाईंना तसे बसता येईना. बाजारहाट, स्वयंपाक, नोकरचाकर, येणारेजाणारे, सर्व त्यांच्या अंगावर. परंतु ह्यातच त्यांचा लाभ झाला. भाजीवालीशी भाव करिताना, शेजारणीची विचारपूस करिताना ब्रह्मी भाषा त्यांच्या जिभेवर बसली, आणि व्याकरण पतीला अधिक कळत असले तरी बोलण्यात त्याच पुढे गेल्या, असे त्यांनी घरी कळविले. ज्या कामाला आपण प्रापंचिक अडचण म्हणतो त्याच कामाने त्यांच्यासाठी लोकांच्या घरांचे व मनांचे दार उघडले.

ता. ११ सप्टेंबर १८१५ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव रॉजर विल्यम्स ठेविले. बाळ मोठे शांत होते. वडील अभ्यासास बसले म्हणजे त्यांच्या मेजाजवळ चटईवर ते तासन् तास पडून राही; बापाचे तोंड दिसले की त्याचे समाधान. त्या परक्या शहरात ह्या दोघांना दुसरे सगेसोयरे नव्हते, त्यामुळे त्यांचा सर्व जीव त्या लेकरात गुंतला. आठवा महिना भरत आला असता बाळास ताप येऊ लागला. भरवसा ठेवावा असा वैद्य शहरात नव्हता. ता. ४ मे १८१६ रोजी रॉजर गेला, व त्याच दिवशी त्यास आंब्याच्या झाडांजवळ पुरिले. ब्रह्मी शेजारी मोठ्या संख्येने प्रेताबरोबर चालले. पुढे सुभेदाराची पत्नी मोठ्या लवाजम्यानिशी समाचारास आली, आणि ह्या दुःखी आईबापांचे मन रमावे म्हणून तिने त्यांना आपल्याबरोबर हत्तीवरून रानात फिरावयास नेले. ख्रिस्ताचे नाव न जाणणाऱ्या बाईने दाखविलेली ही सहानुभूती आम्हां ख्रिस्ती लोकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ह्या प्रसंगी जडसनबाईंनी आपल्या मनाची अशी समजूत घातली की, आपले हृदय बाळावर फार जडले होते, म्हणून देवाने ते काढून घेतले. येथे आम्ही दोन शब्द लिहितो. शोकात बुडालेल्या आईने स्वतःच्या अंतःकरणाविषयी देवापुढे काय म्हणावे, हा तिचा व देवाचा प्रश्न आहे. आम्ही तीत हात घालीत नाही. परंतु तेच वाक्य पाळकाने, वडिलांनी अगर शेजारणीने दुसऱ्या आईला ऐकविणे हे निराळे. लाजराच्या कबरेपाशी प्रभूने मार्था व मरिया ह्यांना त्यांच्या प्रीतीबद्दल दोष दिला नाही. तो स्वतः रडला. लेकरावर जीव लावणे हे पाप नव्हे. आमच्या मंडळीत मूल गेलेली आई असेल तर तिच्याजवळ जाऊन बसावे, तिच्या घरी भाकरी पोहोचवावी, आणि देवाच्या मनातील कारणे सांगण्याची घाई करू नये.

जडसनबाई उठल्या व कामास लागल्या. १८१७ च्या सुमारास त्यांनी दर रविवारी ब्रह्मी स्त्रियांची सभा भरविण्यास आरंभ केला. त्यांनी ब्रह्मी भाषेत प्रश्नोत्तरावली लिहिली. रंगूनमध्ये राहणाऱ्या सयामी लोकांकडून त्या सयामी भाषा शिकल्या, व त्या भाषेत ती प्रश्नोत्तरावली आणि मत्तयाचे शुभवर्तमान ह्यांचे भाषांतर केले. दानिएल व योना ही पुस्तके त्यांनी ब्रह्मी भाषेत उतरविली. पहिला ब्रह्मी विश्वासी मौंग नौ ह्याचा बाप्तिस्मा ता. २७ जून १८१९ रोजी झाला. सहा वर्षे पेरणी झाली तेव्हा हे पहिले कणीस हाती आले!

पुढे यकृताच्या विकाराने बाई खंगल्या. १८२१ साली त्यांना एकटीने देश सोडावा लागला. त्या कलकत्त्याहून इंग्लंडास व तेथून १८२२ मध्ये अमेरिकेस गेल्या. आजारी असताही त्यांनी ब्रह्मदेशातील मिशनाचा वृत्तांत लिहून १८२३ साली प्रसिद्ध केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या रंगूनला परतल्या, व लागलीच पतीबरोबर होडीने राजधानी आवा येथे गेल्या.

तेथे त्यांच्या कसोटीची वेळ आली. १८२४ साली इंग्रज सरकार व ब्रह्मदेशचा राजा ह्यांचे युद्ध जुंपले. गोरा मनुष्य तो इंग्रजांचा हेर, असे दरबाराने ठरविले. ता. ८ जून १८२४ रोजी घरात जेवणाची तयारी चालली असता शिपाई आले. त्यांच्याबरोबर तोंडावर ठिपके गोंदलेला फाशीवाला होता. त्याने जडसनसाहेबांस जमिनीवर पाडून दोरीने करकचून बांधिले व ओढीत नेले. मृत्यूच्या तुरुंगात त्यांच्या पायांत तीन बेड्या ठोकिल्या. रात्री कैद्यांच्या पायांमधून बांबू घालून तो वर ओढीत, म्हणजे डोके व खांदे तेवढे जमिनीस टेकत.

बाई तेव्हा दोन महिन्यांच्या गरोदर होत्या. त्या देशात त्यांच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते. त्यांनी ब्रह्मी पोशाख धारण केला व एका अधिकाऱ्याच्या दारातून दुसऱ्याच्या दारी जाऊ लागल्या. कोठे नजराणा देऊन, कोठे विनवणी करून, कैद्यांना अन्न पोहोचविण्याची व कधी भेटण्याची परवानगी त्या मिळवीत. घर दोन मैल दूर. कित्येकदा रात्री एकटीच चालत परत येत. एकदा पतीला घरची आठवण व्हावी म्हणून त्यांनी म्हशीचे मांस व केळी घालून अमेरिकन पद्धतीचे एक पक्वान्न बनविले व नोकराबरोबर पाठविले. ते पाहून जडसनसाहेबांना आईबापांच्या घरची आठवण येऊन इतके रडू कोसळले की, त्यांनी ते सोबतच्या कैद्यास देऊन टाकिले. तुरुंगातील बेड्यांनी जे डोळे पाणावले नव्हते ते बायकोने केलेल्या पदार्थाने भरून आले.

ब्रह्मी नव्या कराराच्या भाषांतराची हस्तलिखिते घरात होती. बाईंनी ती प्रथम जमिनीत पुरिली. पण पावसाळ्यात कुजतील म्हणून पुढे ती एका उशीत शिवली. उशी इतकी कडक व ओबडधोबड केली की, कोणा शिपायास तिचा लोभ होऊ नये. त्या उशीवर डोके ठेवून जडसनसाहेब तुरुंगात निजत. पुढे कैद्यांना अकस्मात दुसरीकडे नेले तेव्हा लुटारूंनी वरची चटई काढून घेतली व आतील कापसाचे गाठोडे टाकून दिले. मौंग इंग नावाच्या शिष्याने ते धन्याची आठवण म्हणून उचलून घरी नेले. त्यात काय आहे हे त्यास ठाऊक नव्हते.

ता. २६ जानेवारी १८२५ रोजी मारिया जन्मली. बाप बेड्यांत. बाळंतीण सुमारे वीस दिवसांची झाली तोच आई त्या चिमण्या जिवास घेऊन तुरुंगाच्या दाराशी गेली. बेड्या ओढीत बाप पुढे आला व त्याने आपली मुलगी प्रथम पाहिली. ह्या भेटीवर त्याने कागद नसता मनातल्या मनात कवने रचिली व ती पुढे लिहून काढिली.

मे महिन्याच्या आरंभी भर उन्हात कैद्यांना औंगपिनले ह्या गावी अनवाणी चालवीत नेले. तापलेल्या वाळूने पाय सोलून निघाले. एकजण त्यातच मेला. बाईंना ठिकाणा लागताच त्या तीन महिन्यांचे बाळ, सांभाळास घेतलेल्या दोन ब्रह्मी मुली व एक बंगाली स्वयंपाकी ह्यांना घेऊन मागोमाग गेल्या. तुरुंगाच्या शिपायाच्या घरात धान्याने अर्धी भरलेली एक घाणेरडी खोली त्यांना मिळाली. तीत सहा महिने गेले.

तेथे पोहोचताच त्या दोन मुलींपैकी एकीस देवी आल्या. बाईंनी दुसरीस व शिपायाच्या मुलांस सुईने देवी टोचल्या. त्यांना सौम्य फोड येऊन ती खेळू लागली, तेव्हा गावचे लोकही आपली मुले टोचून घेण्यास आणू लागले. परंतु स्वतःच्या मारियेला मात्र टोचणे लागले नाही, व तिला खऱ्या देवी येऊन ती कित्येक आठवडे आजारी राहिली. दुसऱ्यांची मुले वाचली व आपले तळमळते आहे, हे पाहताना त्या आईस काय वाटले असेल? मग बाई स्वतः तापाने व हगवणीने अंथरुणास खिळल्या. दोन महिने त्या चटईवर पडून होत्या. तो बंगाली स्वयंपाकी ह्या काळात जातीचा विचार बाजूस ठेवून पाणी आणी, सरपण आणी, तुरुंगात अन्न पोहोचवी, पगाराचे नाव काढीत नसे.

आईच्या अंगावरचे दूध आटले. त्या गावात गाईचे दूध मिळेना, दाई मिळेना. रात्रभर लेकरू भुकेने रडे आणि आईजवळ त्याला द्यावयास काही नसे. शेवटी पहारेकऱ्यांना काही देऊन तिने अशी परवानगी मिळविली की, बापाने दिवसातून थोडा वेळ बाहेर यावे. मग पायांत बेड्या असलेला तो अशक्त मनुष्य हाडकुळी पोर हातांवर घेऊन गावात दारोदार फिरे, आणि ज्या बायांना तान्ही मुले होती त्यांच्याजवळ तिच्यासाठी दुधाची भीक मागे. त्या बायांनी तिला छातीशी धरिले. त्या ख्रिस्ती नव्हत्या. शत्रूचा हेर समजल्या गेलेल्या कैद्याची ती मुलगी होती. आपल्या लेकराच्या वाट्याचे दूध त्यांनी परक्या लेकरास पाजिले. मारिया वाचली ती त्यांच्या पदराखाली.

१८२५ च्या अखेरीस तहाच्या बोलाचालींत दुभाष्याचे काम पडल्यामुळे जडसनसाहेबांस तुरुंगातून काढिले. बाईंना आवा येथे पुन्हा कठीण ताप आला. त्यांची आशा सुटली होती, परंतु त्या उठल्या. ता. २४ फेब्रुवारी १८२६ रोजी यंदाबो येथे तह झाला व हे कुटुंब मोकळे झाले. इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या ॲमहर्स्ट ह्या नव्या गावी त्यांनी बिऱ्हाड केले. जुलै महिन्यात जडसनसाहेबांस इंग्रज वकिलाबरोबर पुन्हा आवा येथे जावे लागले. मागे बाईंनी बांबूचे घर व शाळा उभारिली. एवढ्यात ताप उलटला, आणि हालअपेष्टांनी पोखरलेले ते शरीर टिकले नाही. ता. २४ ऑक्टोबर १८२६ रोजी, वयाच्या ३७ व्या वर्षी, पती दूर असता त्यांनी देह ठेविला. महिन्याभराने वेड दांपत्य तेथे आले व वेडबाईंनी पोरक्या मारियेला पोटाशी घेतले. पण तीही १८२७ च्या एप्रिलात, सवादोन वर्षांची असता, आईजवळ निजण्यास गेली.

मौंग इंगने उचललेल्या त्या गाठोड्यातील कागद शाबूत निघाले. जडसनसाहेबांनी १८३४ साली संपूर्ण बायबलाचे ब्रह्मी भाषांतर संपविले, १८४० साली ते सुधारून छापिले, आणि आजतागायत ब्रह्मी ख्रिस्ती लोक ते वाचीत आहेत.

ह्या चरित्रावरून आम्ही असे मुळीच म्हणत नाही की, प्रत्येक आईने आपले मूल संकटात घालावे. जडसनबाईंनी तुरुंग शोधला नव्हता. तो त्यांच्या दारी आला. त्यांची भक्ती बाळाच्या विरुद्ध उभी नव्हती. नवऱ्यास अन्न नेणे, पोरीस दूध मिळविणे, शेजाऱ्यांच्या मुलांस देवी टोचणे व वचनाची उशी शिवणे, ही त्यांच्या मते एकाच धन्याची चाकरी होती. आमच्या बहिणींनीही असेच समजावे. ज्या वर्षी अंगावर तान्हे आहे त्या वर्षी सभा कमी झाल्या तर देवाच्या वहीत गैरहजेरी पडत नाही. आणि जिला बाळासह येण्याची हौस आहे तिला दारातून परतविण्याचा अधिकार कोणास नाही.

दुसरी गोष्ट आम्ही मंडळीस सांगतो. ह्या आईचे काम पुष्कळांच्या हातांनी झाले. स्वयंपाक्याने पाणी आणिले, शिष्याने गाठोडे उचलिले, वेडबाईंनी मूल घेतले, आणि औंगपिनलेच्या बायांनी दूध दिले. त्या बायांची नावे कोणी लिहून ठेविली नाहीत. मग आमच्या गावी पाळकाच्या घरी पाळणा हलत असता आम्ही काय करितो? दळण पडले असता कोणी नेते काय? सभेच्या वेळी तिचे मूल एखादी आजी मांडीवर घेते काय? पाळकबंधूंनो, तुम्ही स्वतः आपले मूल कडेवर घेऊन गावातून जाण्यास लाजता काय? जडसनसाहेब विद्वान होते, पायांत बेड्या होत्या, तरी ते लाजले नाहीत.

येत्या रविवारी उपासना संपल्यावर आमच्या वाचकांनी आपल्या मंडळीत तान्हे मूल कोणाच्या घरी आहे ते पाहावे, आणि घरी जाण्यापूर्वी त्या दाराशी थांबून, बाई, आज आम्ही काय करावे, एवढे विचारावे.